झाडे : निरंक



गेल्या तीन अंकांत हे सदर आपल्या भेटीला आले नाही, याबद्दल प्रथम वाचकांची क्षमा मागतो. कन्येकडे इंग्लंडला गेलो होतो. परत आल्यावर संपादकांनी प्रवासवर्णन लिहिण्याची सूचना केली. परंतु बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला वर्णनापेक्षा जमाखर्च बरा जमतो. तेव्हा पुढील मजकूर म्हणजे मी केलेला एक हिशेब आहे, असेच वाचकांनी समजावे.

कर्जासाठी जमीन तारण घेताना आम्हा अधिकाऱ्यांना जागेची पाहणी करून अहवाल लिहावा लागे. त्यात चतुःसीमा, विहीर, वीजजोडणी, बांधकाम असे रकाने असत आणि शेवटी ‘झाडे’ हा एक रकाना असे. आंबा, मोसंबी, चिकू किंवा साग असेल तर संख्या लिहायची, अन्यथा ‘निरंक’. बोर, बाभूळ, हिवर, पळस यांना बाजारभाव नाही, म्हणून ती डोळ्यांसमोर उभी असतानाही कागदावर नसत. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग शेकडो लहानमोठे उद्योग आले. त्या भरभराटीच्या काळात मी वाळूज परिसरातील शाखेत होतो. आज मी ज्या बजाजनगरात राहतो, त्याच्या आसपासचे माळरान भूखंडाभूखंडाने शेडखाली जाताना मी पाहिले आहे. त्यातील कित्येक भूखंडांच्या अहवालावर माझी स्वाक्षरी आहे, आणि बहुतेक अहवालांत शेवटच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला आहे. उद्योग आले, हजारो घरांत चुली पेटल्या, त्याचा मला अभिमान आहे. परंतु त्या रकान्याकडे मी कधी दुसऱ्यांदा पाहिले नाही, हेही तितकेच खरे.

आता मूळ विषयाकडे येतो. पैठण रस्त्यावर चितेगावच्या पुढे आमचा वीस गुंठ्यांचा एक तुकडा आहे. कैलासवासी वडिलांनी घेतलेला. त्यात एक जुनी बांधीव विहीर, दोन कडुनिंब, एक पळस, बोरींची जाळी, कडेला हिवर आणि विहिरीवर झुकलेली एक जुनी बाभूळ. निवृत्तीनंतर तेथे छानशी बाग करावी, घरचे लहानसहान समारंभ तेथेच व्हावेत, असे माझ्या मनात फार दिवसांपासून होते. इंग्लंडला जाण्यापूर्वी एप्रिल महिन्यात एका बाग-कंत्राटदाराकडून आराखडा घेतला. पाच हजार चौरस फूट हिरवळ, कडेने कोनोकार्पसची भिंत, शोभेचे पाम आणि मध्यभागी कारंजे. खर्च पावणेचार लाख रुपये. मी पंचवीस हजार रुपये आगाऊ दिले आणि काम पावसाळा संपल्यावर सुरू करावयाचे ठरले. अंदाजपत्रकाची पहिली ओळ होती : ‘झाडेझुडपे काढून जागा साफ करणे.’ ती ओळ मी वाचली होती. तिच्यात खटकण्यासारखे काही आहे, असे तेव्हा वाटले नव्हते.

कन्या लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात राहते. तेथून जवळच विस्ली येथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची प्रसिद्ध बाग आहे. ही संस्था १८०४ साली स्थापन झाली आणि विस्लीची जागा सर थॉमस हॅनबरी नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याने तिच्यासाठी १९०३ साली दिली. बागेचे सौंदर्य वर्णावे तेवढे थोडे. परंतु माझे लक्ष गेले ते वेगळ्याच गोष्टीकडे. एवढ्या टापटिपीच्या बागेत काही ठिकाणी गवत मुद्दाम गुडघ्याएवढे वाढू दिले होते आणि झाडांखाली कुजक्या ओंडक्यांचे ढीग रचून ठेवले होते. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, हे वाळवीला आमंत्रण नाही का?’’ जावयांनी खुलासा केला की भुंगेऱ्यांच्या अळ्या कुजक्या लाकडात वाढतात, त्यांच्यासाठी ते ठेवलेले असते. कचरा म्हणून जे आपण उचलून टाकतो, ते येथे जपून मांडून ठेवले होते.

दुसरी गोष्ट कन्येच्या शेजारी घडली. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. दोन घरांमधील लाकडी कुंपणाला जमिनीलगत साधारण वीतभरापेक्षा कमी असे एक चौकोनी भोक होते. कुंपण मोडले असावे असे समजून मी ते बुजवण्यासाठी फळी शोधू लागलो, तेव्हा नात धावत आली. ‘‘आजोबा, ते बंद नाही करायचं! तो त्याचा रस्ता आहे!’’ हेजहॉग नावाचा, दिसायला साळिंदराच्या पिलासारखा, ओंजळीत मावेल एवढा काटेरी प्राणी तिकडे बागांमधून राहतो. रात्री भक्ष्य शोधत तो किलोमीटर-दोन किलोमीटर हिंडतो. घराघरांची कुंपणे पक्की झाली, त्याचे रस्ते बंद झाले आणि त्याची संख्या घटली. म्हणून तेथील प्राणिप्रेमी संस्थांनी कुंपणाला तेरा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक ठेवण्याचे आवाहन केले आहे. जून महिन्यात तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एका रात्री नातीबरोबर मी गवतावर पालथा पडून त्या भोकाकडे पाहत राहिलो. पाऊण तासाने तो आला, हुंगत हुंगत आमच्या समोरून गेला. त्या भोकाला खर्च शून्य. हिशेबी माणसाच्या मनात ती गोष्ट घर करून राहिली.

त्या देशात बागा पाहण्याची एक सुंदर प्रथा आहे. खाजगी घरांच्या बागा वर्षातून काही दिवस सर्वांसाठी उघडतात, थोडे प्रवेशशुल्क घेतात आणि ती रक्कम रुग्णसेवेसाठी देतात. ‘नॅशनल गार्डन स्कीम’ या नावाने हा उपक्रम १९२७ साली सुरू झाला. पहिल्या वर्षी ६०९ बागा उघडल्या, प्रवेशशुल्क माणशी एक शिलिंग होते आणि घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. आज अशा बागांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. त्यांची यादी पिवळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तकात प्रसिद्ध होत असे, म्हणून लोक तिला ‘पिवळे पुस्तक’ म्हणतात. आम्ही अशा चार बागा पाहिल्या. मालकीण स्वतः दारात उभी राहून स्वागत करते, झाडांची नावे सांगते, चहा देते. आपल्याकडे दानधर्माला तोटा नाही. परंतु स्वतःच्या बागेचे फाटक उघडून परक्याला आत घेणे, हाही दानाचा एक प्रकार आहे, हे मला तेथे उमगले.

तिकडचे सारेच उत्तम, असा समज करून मात्र मी परतलो नाही. शोभेसाठी १७६३ च्या सुमारास आणलेले ऱ्होडोडेंड्रॉन बागेबाहेर पसरले आणि त्याने कित्येक रानांतील मूळ वनस्पती गुदमरवल्या. कौतुकाने १८७६ साली सोडलेल्या अमेरिकन करड्या खारींमुळे तेथील मूळची तांबडी खार दक्षिण इंग्लंडमधून जवळजवळ नाहीशी झाली. आता ती वाइट बेट, ब्राउन्सी बेट अशा समुद्राने वेढलेल्या जागीच दिसते. रानफुलांची कुरणे १९३० च्या दशकापासून ९७ टक्के नष्ट झाली, असे तेथील संस्थाच सांगतात. ओंडक्यांचे ढीग आणि कुंपणाची भोके हे त्या नुकसानीनंतरचे शहाणपण आहे. आपल्याकडे घाणेरी हे झुडूप अशाच प्रकारे शोभेचे कुंपण म्हणून आले आणि आज ते रानोरान माजले आहे. मी ज्या कोनोकार्पसची भिंत घालणार होतो, ते झाडही परदेशीच. शेजारच्या गुजरात राज्याने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे मला कन्येच्या घरी बसून कळले. पंचवीस हजार रुपये देण्यापूर्वी ते कळावयास हवे होते.

व्यापारी वाचकांना रुचेल असे एक उदाहरण सांगतो. पश्चिम ससेक्समध्ये नेप नावाची सुमारे साडेतीन हजार एकरांची जहागीर आहे. जमीन चिकण, शेती कायम तोट्यात, डोक्यावर कर्ज. मालकांनी इ. स. २००० मध्ये दुधाचा कळप व यंत्रे विकून देणी भागवली आणि पुढील वर्षापासून हळूहळू जमीन निसर्गाच्या हवाली केली. काटेरी झुडपे माजली, शेजारी नाराज झाले. परंतु त्या झुडपांत नाइटिंगेल परतले, आणि मुद्दाम आणून सोडलेल्या पांढऱ्या करकोच्यांनी २०२० साली तेथे पिले काढली. ब्रिटनमध्ये मुक्त करकोच्याने पिले काढल्याची त्यापूर्वीची नोंद १४१६ सालची आहे. आज पर्यटकांपासून तेथे उत्पन्न मिळते. त्या उत्पन्नात मांसविक्रीचाही वाटा आहे, तो भाग आपल्याला पटणारा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र काटेरी जाळी म्हणजे पडीक जमीन, हे माझे बँकेतील समीकरण त्या जागी उभे राहून चुकीचे ठरले.

विमानात मी कंत्राटदाराचे अंदाजपत्रक पुन्हा काढले आणि जे आधी करावयास हवे होते, ते गणित केले. सांगितले तर आश्चर्य वाटेल, परंतु लंडनला वर्षभरात सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरला सुमारे सातशे. म्हणजे एकूण जमेत आपण त्यांच्यापेक्षा सरस आहोत. फरक आहे तो वसुलीच्या पद्धतीत. त्यांचा पाऊस पगारासारखा दरमहा जमा होतो. आपला पाऊस हंगामी व्यापारासारखा, चार महिन्यांत जे काय मिळेल ते, आणि उरलेले आठ महिने त्यावर भागवावयाचे. तेथे हिरवळ आपोआप वाढते, येथे ती उधारीवर जगते. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तर एका चौरस मीटरला पाच लिटर. पाच हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटर. अर्थात रोजचे तेवीसशे लिटर. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येते, त्याच्या वेशीवर मी गवताला रोज एवढे पाणी पाजणार होतो. अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर आणखी एक ओळ होती : ‘कीटकनाशक फवारणी, महिन्यातून एकदा.’ रात्रीचे भोजन टाळणाऱ्या आणि पाणी गाळून पिणाऱ्या घरात ती ओळ कोणाच्याही लक्षात आली नव्हती. माझ्याही नाही.

परत आल्यावर काही दिवस अंगातील थकवा गेला नव्हता, झोपेचे वेळापत्रकही बिघडले होते. पहाटे चारला जाग येई. बिछान्यात कूस बदलत राहण्यापेक्षा एके दिवशी गाडी काढली आणि पंधरा-सोळा किलोमीटरवरील हिमायत बागेत गेलो. दिल्ली दरवाजाजवळची, सुमारे तीनशे एकरांची ही मुघलकालीन बाग. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र तेथे आहे. नोकरीच्या काळात फळबाग कर्जाच्या निमित्ताने मी तेथे अनेकदा गेलो होतो, परंतु कार्यालयाच्या पायरीपलीकडे पाहिले नव्हते. त्या पहाटे जुन्या आमराईत उभा राहिलो. प्रथम दयाळ बोलला. मग कोठून तरी हळद्याची शीळ आली. उंबराच्या झाडावर राखी धनेशांची जोडी फळे खात होती आणि त्यांच्या चोचीतून निसटलेली उंबरे खाली खारी वेचीत होत्या. वाटेवरून एक मोर पिसारा ओढीत शांतपणे गेला. फिरायला आलेली माणसे कानांत यंत्रे घालून झपझप चालली होती. मीही इतकी वर्षे तसाच चालत आलो होतो.

बागेसमोरच सलीम अली सरोवर आहे. मुघलकाळी त्याचे नाव खिजरी तलाव होते. पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव त्याला देणे अगदी यथोचित झाले, कारण त्यांनी १९३१-३२ मध्ये तत्कालीन हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली होती आणि आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांना नामवंत करणारा पहिला अभ्यास मात्र सुगरण पक्ष्याचा. अलिबागजवळच्या किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचे महिनोन्‌महिने निरीक्षण केले. घरटे विणतो तो नर. ते अर्धवट झाले की मादी पाहणीस येते आणि पसंत पडले तरच संसार मांडते. मग नर शेजारी दुसरे घरटे विणू लागतो. हे वाचले आणि मला माझ्या विहिरीवरची बाभूळ आठवली. दर पावसाळ्यात तिच्यावर खोपे लोंबतात. वडिलांच्या काळापासून पाहत आलो होतो. ‘जागा साफ करणे’ या ओळीत ती बाभूळही आली होती.

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे वर्षातून एकदा तरी पैठणला भगवान मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला जातात. दर्शन, भोजन, नंतर मुलांच्या हट्टासाठी संत ज्ञानेश्वर उद्यान आणि परत. आम्हीही वर्षानुवर्षे हाच क्रम पाळला. उद्यानाला लागून जो अथांग नाथसागर आहे, तो आम्ही धरणाच्या भिंतीवरून ‘पाणी किती भरले’ एवढ्यापुरताच पाहिला. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या धरणाचा जलाशय उथळ आणि पसरट आहे. पाणी ओसरले की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि त्यात पाणपक्ष्यांना मुबलक खाद्य मिळते. म्हणूनच १९८६ साली सुमारे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. नोव्हेंबर ते मार्च या काळात तेथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उतरतात. हिमालय ओलांडून आलेले कादंब हंस काठावर चरतात. रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात मान खाली घालून उभे असतात. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी तेथे पुष्कळ दिसतो. त्याला आपल्या लोकांनी ‘वारकरी’ हे नाव दिले आहे. नाथांच्या गावी ते किती शोभून दिसते!

इंग्लंडमध्ये मी माणशी काही पौंड मोजून बागा पाहिल्या. माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर हे सारे होते आणि वयाच्या पासष्टीपर्यंत मला त्याची नावेदेखील ठाऊक नव्हती. नातीने मला तिच्या बागेतील आठ पक्ष्यांची नावे सांगितली. नंतर सहज विचारले, ‘‘आजोबा, तुमच्याकडे कोणते येतात?’’ मी चिमणी, कावळा, पोपट, कबूतर एवढे सांगून थांबलो. तिने वहीत चार नावे लिहिली आणि खाली जागा मोकळी ठेवली.

आता थोडा नाजूक विषय. आपण सकाळी गच्चीवर ज्वारी-बाजरी टाकतो. आमच्या घरी ही प्रथा तीन पिढ्यांची आहे आणि ती भूतदयेतून आली आहे, यात शंका नाही. परंतु गेले दोन महिने मी गच्चीवर बसून नोंद ठेवली. दाण्यावर जे येतात, त्यांत दहातले आठ पारवे असतात. बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी, तांबट, कोतवाल यांपैकी एकही दाण्यासाठी आला नाही. तांबटाला वड-उंबराची फळे लागतात, सूर्यपक्ष्याला फुलांतील मध, कोतवालाला उडते किडे. इतकेच काय, दाणे खाणाऱ्या चिमणीची आणि सुगरणीची पिलेदेखील पहिल्या दिवसांत कोवळ्या किड्या-अळ्यांवरच वाढतात. दाणा त्यांना पचत नाही. आपण दाणे टाकतो आणि त्याच अंगणात फरशी घालतो, बोरीची जाळी तोडतो, औषध फवारतो. मग चिमण्या कमी का झाल्या, असे एकमेकांना विचारतो. एका हाताने जमा केलेले दुसऱ्या हाताने खर्ची पडते आणि खाते तुटीत राहते. दाणे टाकू नयेत, असे मी म्हणणार नाही. दाण्याबरोबर एक देशी झाड आणि मातीच्या परळात पाणी असावे, एवढेच सुचवतो. वेरूळच्या इंद्रसभेतील अंबिकादेवीची मूर्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. शिल्पकाराने तिच्या माथ्यावर छत्र कोरले नाही, फळांनी लगडलेला आम्रवृक्ष कोरला. आपल्या पूर्वजांना झाडाची किंमत कळत होती.

श्रावणात पैठण रस्त्यावरील जागेवर गेलो. बाभळीवर खोपे झुलत होते. एक नर हिरव्या पात्याची लांब चीर चोचीत धरून आला, उलटा लोंबकळला आणि विणू लागला. मी विहिरीच्या काठावर तासभर बसलो. घरी येऊन कंत्राटदारांना दूरध्वनी केला आणि काम रद्द केले. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. त्यात त्यांचा दोष नाही, करार मी मोडला. घरात यावरून दोन दिवस थोडी खळखळ झाली. चिरंजीवांचे म्हणणे, ‘‘बाबा, एका बाभळीसाठी पंचवीस हजार?’’ सौभाग्यवतींना सापाची भीती, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. शेवटी तोडगा निघाला. फाटकाजवळची दोन हजार चौरस फूट जागा, जेथे एकही झाड नव्हते, ती मुरूम टाकून मोकळी केली. तेथे बसावे, जेवावे, मुलांनी खेळावे. पाऊलवाटेवरचे गवत कापावे, रात्री विजेरी व बूट वापरावेत. उरलेल्या जागेत एक उंबर, एक करंज आणि एक पांगारा लावला. बोरींच्या जाळीला कोणी हात लावावयाचा नाही. तारेच्या कुंपणाला खालून हातभर जागा मोकळी ठेवली आहे. तेथून कोण ये-जा करते, ते अजून कळलेले नाही, परंतु चिखलात मुंगसाची म्हणावीत अशी पावले दिसतात.

हे शहाणपण उशिरा आले, याची जाणीव आहे. ज्या भूखंडांवर मी ‘निरंक’ लिहिले, ते आता परत उघडता येणार नाहीत. मात्र मागच्या रविवारी जुन्या सवयीने एक कोरा कागद घेतला आणि माझ्याच जागेचा पाहणी अहवाल लिहिला. चतुःसीमा लिहिल्या, विहिरीची खोली लिहिली आणि शेवटच्या रकान्यात लिहिले : कडुनिंब २, पळस १, हिवर ३, बोर ११, बाभूळ १, तीवर सुगरणीचे खोपे १४. नवीन लागवड : उंबर, करंज, पांगारा प्रत्येकी १. हा कागद नातीला पाठवला आहे. तिच्या वहीतील मोकळ्या जागेसाठी सोबत सतरा पक्ष्यांची नावे जोडली आहेत. प्रत्येक पक्षी मी स्वतः पाहिलेला आहे, ऐकीव एकही नाही.

वाचकांना विनंती इतकीच की, या दिवाळीच्या सुटीत पैठणला दर्शनाला जाल, तेव्हा परतण्याची घाई करू नका. सकाळी लवकर निघा, एक साधी दुर्बीण बरोबर घ्या, भडक कपडे टाळा आणि मुलांना दोन तास नाथसागराच्या काठावर गप्प बसू द्या. त्यांना जी नावे येत नाहीत, ती घरी येऊन शोधू द्या. आणि ज्यांची शेते, फार्महाऊस, कारखान्यामागील मोकळ्या जागा आहेत, त्यांनी ‘जागा साफ करणे’ या ओळीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी एकदा पहाटे तेथे जाऊन उभे राहावे. कोण कोण राहते ते मोजावे, मग काय तो निर्णय घ्यावा.

पुढील अंकी नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांतील फरकाविषयी, ठरल्याप्रमाणे. जय जिनेंद्र.